अक्षय्य तृतीयेला उघडलेले दुकान

तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी दुकान चालवले, गिऱ्हाइकांना लुबाडले आणि पोलीस तुमच्या दारात आले, तर ते दुकान तुमचे नाही हे तुम्ही कसे सिद्ध कराल? कागद तुमचे, मालाचे फोटो तुमचे, ओटीपीसुद्धा तुमच्याच मोबाईलवर आलेला. सांगा, कसे?

पोलीस खात्यातून बाहेर पडलो तरी हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही, कारण वाराणसीत तो मला एका बाईने विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

सावन सुरू होता. इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. दर सोमवारी शंकराला गंगाजल वाहायला येणाऱ्या कावडियांच्या बंदोबस्ताने ठाण्यातली माणसे उभ्या उभ्या पेंगत होती. गंगेचे पाणी पायऱ्या चढत होते, वीज जात होती, वायरलेस खरखरत होता. त्यात फोन आला. माणूस मराठीतच बोलला. "मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत एक आपली बाई पितळेच्या नथी चांदीच्या म्हणून ऑनलाइन विकते. आपल्या लोकांची नाचक्की चालली आहे. काहीतरी करा." नाव विचारले तर फोन ठेवला.

पाठोपाठ काशीयात्रेला आलेले पुण्याचे एक जोडपे ठाण्यात आले. आजींनी पिशवीतून डबी काढली. नथ आत हिरवी पडली होती.

"चांदीवर सोन्याचं पाणी आहे असं लिहिलं होतं हो," आजी म्हणाल्या. "नातीला दिली, तिचं नाक सुजलं."

आजोबा म्हणाले, "मी म्हणतच होतो, लक्ष्मी रोडवर घे. पण हिला काशीची गुलाबी मीनाकारी हवी!"

डबीवर बाईचे नाव, घराचा पत्ता. आम्ही तहरीर, म्हणजे लेखी फिर्याद, घेतली आणि गुन्हा नोंदवला. आरोपीच्या रकान्यात त्या बाईचे नाव चढले. एकदा चढलेले नाव खाली उतरवायला किती घाम गाळावा लागतो, हे बाहेरच्यांना कळत नाही.

बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. महिला शिपाई बरोबर घेऊन मी गेलो. दार सासूबाईंनी उघडले. मी रामघाटावर वाढलेला, त्यांनी मला ओळखले.

"अरे, तू होय? दरोगा झालास म्हणे. बूट काढ आणि मग आत ये. आणि आवाज खाली, माझा मुलगा संथा देतोय."

मुलगा वेदपाठशाळेत शिकवणारा. सून दागिने घडवून घेणारी. मोत्यांची नथ, तन्मणी, चिंचपेटी हे आपले घाट, आणि त्यांत बनारसच्या कारागिराकडून केलेली गुलाबी मीनाकारी. तिची ही कल्पना मला फार आवडली. माल खरा होता, तो तिने माझ्यासमोर मांडला.

"साहेब, माझं दुकान अजून सुरूच झालेलं नाही," ती म्हणाली. "मंजुरी यायची आहे."

"कुणी सांगितलं?"

"डिजिटल सेवावाल्याने. दर आठवड्याला विचारते. तो म्हणतो, भाभीजी, सबर कीजिए."

तिने सगळे सांगितले. ऑनलाइन विक्रीचे दोन मंच तिच्या मनात होते. एक मोठा, जिथे सगळा देश खरेदी करतो. पण तिथे कमिशन जबर, आणि गिऱ्हाइकाने माल परत केला तर येण्याजाण्याचा खर्च विकणाऱ्याच्या माथी. दुसरा फक्त हस्तकलेचा. तिथे गिऱ्हाईक कमी, पण ते मालाचा नमुना मागवतात, शुद्धता तपासतात, मगच दुकान उघडू देतात. तिला दुसरा हवा होता. पण दुकान अक्षय्य तृतीयेला उघडायचे, असे घरात ठरले होते. हस्तकलेच्या मंचाला वेळ लागणार होता. चौकाजवळ डिजिटल सेवेचे दुकान चालवणारा तरुण म्हणाला, मोठ्या मंचावर त्याच दिवशी काम होऊन जाईल. मुहूर्तासाठी तिने मंच बदलला.

"चूक झाली," ती म्हणाली. "पण चोरी नाही केली. हे मी सिद्ध कसं करू?"

दुकानाची कमाई त्या तरुणाच्या एका मित्राच्या खात्यात जाते, हे बँकेकडून कळले. मग त्या तरुणाला ठाण्यात बोलावले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर चंदन, हातात दोन मोबाईल. जराही घाबरलेला नाही.

"सर, हमने तो बस मदद की. भाभीजी ने खुद अपने मोबाइल पर सब भरा. हम बगल में बैठे थे."

"दुकानाचे पैसे तुझ्या मित्राच्या खात्यात कसे जातात?"

"उन्हीं ने कहा था, सर. घरवालों को कमाई पता न चले इसलिए. अब फँस गईं तो हमारा नाम ले रही हैं."

माझा तरुण सहकारी कानाशी कुजबुजला, "सर, केस साफ है. दोनों मिले हुए हैं."

खरे सांगतो, कागदावर तसेच दिसत होते. बाईने नवऱ्यापासून पैसे लपवले, ही गोष्ट लोकांना किती पटकन पटते! पुरुषाच्या तोंडून आली की ती पुरावाच होते. मला चीड आली, पण चिडीवर तपास चालत नाही. चौकशीचा माझा एकच नियम होता. खोटे बोलणाऱ्याला अडवायचे नाही, त्याला तपशील द्यायला लावायचे.

"बरं, ती कुठे बसली होती?"

"रसोई में. रेशमी साड़ी पहनकर चूल्हे पर पूरन घोंट रही थीं. त्योहार था न."

"आणि ओटीपी?"

"मोबाइल पर आया. हाथ पोंछकर फोन उठाया, नंबर डाला, फिर पूरन में लग गईं."

मी चहा मागवला. मला विचार करायला वेळ हवा होता.

आमच्या घरांत सणाच्या नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात होतो. न्हाऊन, सोवळ्याचे वस्त्र नेसून चुलीपुढे बसलेली बाई नैवेद्य दाखवून होईपर्यंत बाहेरच्या कशालाही शिवत नाही. दाराची कडीसुद्धा दुसऱ्याने काढायची. मोबाईल तर दूरच.

मी पुन्हा त्या घरी गेलो. सासूबाईंना वेगळे बसवून विचारले, अक्षय्य तृतीयेला सुनेने फोन हातात घेतला होता का?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "सोवळ्यात? मग तो नैवेद्य देवाला दाखवला असता का मी? तूच सांग! फोन कोनाड्यात होता. तो मुलगाच म्हणाला, भाभीजी, हम देख लेते हैं. मुहूर्त टळत होता. ही म्हणाली, बघ बाबा तूच."

सून ऐकून दाराशी आली होती. ती हळूच म्हणाली, "तुम्ही विचारलंत की ओटीपी कुणाच्या फोनवर आला. मी माझ्या म्हटलं. फोन कुणाच्या हातात होता, हे कुणी विचारलंच नाही."

मला लाज वाटली, ती आजही वाटते.

सोवळे कोर्टात पुरावा होत नाही, हे मला ठाऊक होते. पण कुठे खणायचे ते कळले होते. ठाण्यात येऊन मी त्याला शांतपणे म्हणालो, "ती फोनला शिवली नाही. त्या घरात त्या वेळी तो एकाच माणसाच्या हातात असू शकतो. फॉर्म कुठल्या यंत्रावरून भरला, ते मंचाकडून लेखी मागवतोय. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही."

त्याने चंदन पुसले जाईल इतका घाम पुसला.

"सर… फोन ताखे पर था. हमने उठाया था."

"आणि फॉर्म?"

"लैपटॉप पर. हमारे."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून पंच घेऊन त्याच्या दुकानावर गेलो. त्यानेच फळीमागून खोके काढून दिले. त्यात पितळेच्या नथी आणि बाईच्या नावाच्या छापील डब्या. लॅपटॉप जप्त झाला. पुढे मंचाचे उत्तरही तेच सांगत आले. दुकान उघडताच त्याने संपर्काचा मोबाईल आणि ईमेल बदलले होते, आणि बाईला मंजुरीची वाट बघत बसवले होते.

आरोपींच्या यादीतून तिचे नाव निघाले. गल्लीतून निघाले का? नाही. फोन करणारा तो मराठी माणूस मला सापडला. शेजारचाच. ती निर्दोष असल्याचे सांगितले तर म्हणतो, "असेल हो, पण काहीतरी असल्याशिवाय एवढं होतं का?" हीच ती वृत्ती, जिच्या जोरावर असले चोर जगतात. फसवणारा जामिनावर सुटून चहा पितो आणि फसलेली बाई मान खाली घालून भाजी आणायला जाते.

त्या बाईने नंतर हस्तकलेच्या मंचावर नमुने पाठवले. मंजुरी आली तो दिवस अमावास्येचा होता. सासूबाई म्हणाल्या, "आजच उघड, मी बघते देवाचं." तिने स्वतःच्या हाताने उघडले, दोनदा चुकल्यावर. ऑर्डरी थोड्या येतात.

या प्रकरणाने मला शिकवले की कागद कुणाच्या नावाचा आहे यावर तपास थांबवू नये, आणि बाईला काय ठाऊक आहे ते तिच्याशिवाय इतरांना विचारत बसू नये. ठाण्यात बसून मी हे शिकलो, फार उशिरा.

आता तुम्हाला एक मागणे. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी बाई ऑनलाइन काही विकत असेल, तर आजच तिच्या शेजारी जाऊन बसा. फोन तिच्याच हातात राहू द्या. दुकानाच्या खात्यात नोंदलेला मोबाईल, ईमेल आणि बँकेचे खाते तिला मोठ्याने वाचायला सांगा. त्यातले एकही तिच्या ओळखीचे नसेल, तर तिच्याबरोबर सायबर पोलिसांकडे चला. तिला एकटी पाठवू नका.