त्या गुलाबाखाली पाटी होती

आजचाच प्रसंग आहे, म्हणून लगेच लिहितेय.

व्हिएन्नात शिकणाऱ्या लेकीकडे आलोय. आज सकाळी इथल्या जुन्या राजबागेत सासूबाईंनी नाशिकच्या सवयीने पूजेसाठी तीन गुलाब खुडले.

"अहो आई, इथे तोडत नाहीत!"

"देवालाच तर नेतेय!"

बाकावरचे एक आजोबा उठून आले. त्यांनी झुडपाखालची पाटी दाखवली. लेकीने ती वाचली, त्यांना काही विचारलं आणि तिचा चेहराच उतरला. "आजी, इथे लोक आपल्या माणसाच्या आठवणीत गुलाबाचं झाड दत्तक घेतात. हे झाड त्यांच्या गेलेल्या बायकोच्या नावाचं आहे."

सासूबाईंनी फुलं पाटीपाशी ठेवली, हात जोडले. आजोबांनी त्यातलं एक उचलून सासूबाईंच्याच ओंजळीत ठेवलं.

नाशिकला गंगापूर रोडवर लोकांच्या कुंपणाबाहेर आलेली जास्वंद मीही रोज न विचारता तोडते. तुम्ही?