पाय वाचवलेला पिचर

मुलगा नववीत असताना मी त्याला चालू दिलं नाही.

पायांना काही झालं नव्हतं. मंदार शाळेच्या बेसबॉल संघात पिचर होता, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. नाशकात तेव्हा हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पण राज्य पातळीवर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे अख्ख्या इंदिरानगरला ठाऊक होतं. (मंदारचं गणित माझ्यावर गेलं होतं.)

मी सातपूरला कारखान्यात. शक्ती वाया घालवायची नाही, एवढं यंत्रांनी शिकवलेलं. चेंडू हातानं फेकायचा, तर पाय कशाला दमवायचे? शाळा, क्लास, मैदान, अगदी कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा. सगळीकडे मी त्याला स्कूटरवरून नेई. उजव्या हाताला मात्र रोज तेलाचं मालीश, आणि घरातल्या सगळ्या बादल्या त्याच हातानं.

"अहो, पोरगं एकाच बाजूनं पैलवान झालंय," ही म्हणाली. "शर्टाची उजवीच बाही उसवते."

"वेग येतोय," मी म्हणालो.

निवड चाचणीला खेळाच्या सरांनी आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्याच फेरीत मंदार गुडघ्यांवर हात टेकून उभा. नंतर त्यानं फेकलेला चेंडू टप्पे खात कसाबसा समोर झेलायला बसलेल्या कॅचरपर्यंत पोचला.

मी तडक मैदानात. "सर, हे धावणं कशाला? त्याला फेकायचंय."

"भाऊसाहेब, वेग पायांतून येतो. आधी मांड्या, मग कंबर, शेवटी हात."

"काहीतरीच. फेकून दाखवू?"

"दाखवा. पाय न हलवता."

मी पाय रोवले, दात-ओठ खाऊन हात फिरवला. चेंडू माझ्याच बुटाशी पडला. खांदा मात्र निखळला.

मंदारनं मला स्कूटरवर बसवलं आणि दवाखान्यापर्यंत ढकलत नेलं. चढावर मी कण्हत म्हणालो, "उजवा हात जप रे."

"बाबा, तुम्ही फक्त ब्रेकवरचा पाय काढा."

त्या वर्षी निवड हुकली. डॉक्टरांनी माझी स्कूटर बंद केली. नाइलाजानं मंदार शाळेत चालत जाऊ लागला, आणि उशिरा उठायची सवय असल्यामुळे पळत. पुढच्या चाचणीत त्याचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात असा वाजला, की सर माझ्याकडे बघून नुसते हसले. पोरगा राज्यावर खेळला, दहावीही सुटली.

सोसायटीनं सत्कार ठेवला. शाल मला घातली, 'मार्गदर्शक वडील' म्हणून. खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी डाव्या हातानं नारळ घेतला आणि जमलेल्या पालकांना पायांच्या व्यायामाचं महत्त्व समजावून सांगितलं.