वेगळी चूल

भूकंप झाला त्या वर्षी मी नांदेडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. ऑफिसांत माणसं कमी, म्हणून पुनर्वसनाच्या याद्या करायला आमच्यासारख्या स्वयंसेवक पोरांना घेतलं. औशाच्या पुढच्या एका गावात मी दोन महिने होतो. दगडमातीची घरं बसली होती, लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि पलीकडच्या माळावर नवं गाव आखलं जात होतं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मी एकटाच असायचो. कुणाशी काय बोलावं, ते कळायचं नाही.

यादीचा नियम सोपा होता. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब, आणि कुटुंबाला एक घर. मी शेडमध्ये शिरून विचारायचो, "जेवण कुठं होतं?" आणि सांगतील ते लिहायचो. चुलीच ढिगाऱ्याखाली गेल्यात, ज्यांचं कुणी उरलं नाही ते भावकीत जेवतायत, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

अशी एक मावशी होती. नवरा आधीच वारलेला, लेक आणि सून भूकंपात गेले. ती पुतण्याकडे जेवायची. मी तिला पुतण्याच्या कुटुंबात लिहिलं.

यादी वाचून दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर आली.

"माझं नाव पुतण्याच्या खाली कसं काय?"

"मावशी, तुम्ही तिथंच जेवता ना?"

"मग काय उपाशी मरू? येगळं घर व्हतं माझं. गावाला इचारा."

मी नियम सांगितला. ती ऐकून घेऊन गेली.

दोन दिवसांनी पुन्हा आली. हाताला पीठ होतं. "चला सायब, चूल घातली म्या. शेडच्या मागं हाय. भाकर टाकलीय, खाऊनच या."

यादीची पक्की प्रत तयार होती. एक नाव बदलायचं तर आठ पानं कार्बन घालून पुन्हा लिहावी लागणार होती. "येतो मावशी, तुम्ही व्हा पुढं," म्हणालो. गेलो नाही. यादी तशीच लातूरला गेली. पुढे कुणीतरी दुरुस्त करेल असं तेव्हा वाटलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर कंटाळा आला होता.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, मोठ्या दुष्काळात, नोकरीच्या कामानं लातूरला होतो. त्या गावाला गेलो. सरळ रेषेत घरं, दारांवर नंबर. टँकर आला होता. पाणी घराच्या नंबरावर मिळत होतं. ज्याला नंबर नाही त्यानं सगळ्यांचं झाल्यावर यायचं. ती मावशी घागर घेऊन बाजूला उभी होती. पुतण्याच्या घराच्या मागच्या भिंतीला चार पत्रे लावून राहत होती.

"मावशी, ओळखलं का?"

"न वळखायला काय झालं? जेवायला बोलावलं व्हतं, आला न्हाईत."

रांगेतल्या बायका हसल्या. मी चूक कबूल केली. घर मिळवून देतो, म्हणालो. ती म्हणाली, "बगा. पर लई उशीर लावू नका. मी म्हातारी झाले."

लातूरच्या ऑफिसातल्या बाबूनं पुनर्वसनाची जुनी फाईल शोधून काढली. त्या काळी चूल वेगळी होती, याचा पुरावा मागितला. मग पान माझ्यापुढे सरकवलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग तुम्हीच तर एकत्र लिहिलंय. आणि ती घरं कधीच संपली, सर."

तिला सांगायला निघालो. फाट्यावर उभा राहिलो. गावाकडे जाणारी एक जीप सोडली, मग दुसरी. तिसऱ्या जीपवाल्यानं थांबून विचारलं, "येता का?" मी मान हलवली. नको म्हणून.

ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.