दहा पॉइंट दोन

अंजूचं आणि तिच्या कॉलेजचं कधी जमलं नाही, आणि दोष सगळा कॉलेजचा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या वर्गात चाळीस पोरं होती, पण ती हजेरीपटावर. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी पोलीस भरतीच्या मागं, कुणी गावातच मोटारसायकल फिरवत. परीक्षेच्या दिवशी मात्र सगळे पांढरे ॲप्रन चढवून हजर. रोज यायची ती एकटी अंजू, नांदूरघाटाजवळच्या वस्तीवरून एसटीनं. बाप सुग्रीव मेंढरं राखायचा. अंजू आली की शिपायाला प्रयोगशाळेचं कुलूप काढावं लागे, आणि त्याचा राग तो कुलूप टेबलावर आपटून काढत असे.

तोंडे सर केमिस्ट्री शिकवायचे, म्हणजे पगार घ्यायचे. एक पोरगी समोर येऊन बसल्यामुळं त्यांना खरोखर शिकवावं लागत होतं. तीन वर्षं ती त्यांच्या डोळ्यांत सलत राहिली.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टायट्रेशन आलं. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड आणि इंडिकेटरचे दोन थेंब, वर ब्युरेटच्या उभ्या नळीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण. ते थेंबथेंब सोडत फ्लास्क हलवायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. किती द्रावण लागलं तो आकडा म्हणजे रीडिंग. त्या कॉलेजात रीडिंग घ्यायची पद्धत नव्हती, सांगायची होती. वर्गाचा पुढारी हरिओम बाकाबाकावरून सांगत गेला, दहा पॉइंट दोन. वर्षानुवर्षं तोच आकडा चालत आला होता, परीक्षकांनासुद्धा तो ठाऊक होता.

अंजूला आलं अकरा पॉइंट सहा. तिनं पुन्हा घेतलं, तेवढंच आलं. तिला कारण समजलं. सोड्याच्या बाटलीचं झाकण वर्षभर सैल होतं, द्रावणाचा जोर उतरला होता, म्हणून ते जास्त लागत होतं. ती तिसऱ्यांदा घेत असताना हरिओमनं तिचा फ्लास्क उचलून बेसिनमध्ये ओतला आणि लई शहाणी होऊ नको म्हणाला. अंजूनं फ्लास्क धुतला आणि परत ॲसिड घेतलं. तोंडे सर मागं येऊन दातओठ खात पुटपुटले, आकडा लिही आणि मोकळी हो. तिनं अकरा पॉइंट सहा लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांचं जेवण झालं होतं, पान तोंडात होतं. चाळीस पेपरांत एकच आकडा वेगळा दिसल्यावर त्यांनी अंजूला उभं केलं. एवढी पोरं चुकली आणि तू एकटी बरोबर का, असं विचारलं.

"बाकीच्यांचे ब्युरेट कोरडे हायत, सर," अंजू म्हणाली. "बोट लावून बघा."

परीक्षकांनी बोट लावलं नाही. लावायची गरजच नव्हती, नळ्यांवरची धूळ लांबूनही दिसत होती. ते लाल झाले, पण पोरांवर नाही, अंजूवर. ही भाषा कुणी शिकवली, असं त्यांनी तोंडे सरांना विचारलं. निकाल लागला तेव्हा बाकी सगळा वर्ग पास होता. अंजूचं प्रॅक्टिकल राहिलं.

सुग्रीव फार बोलणारा माणूस नव्हता. पुन्हा एकदा परीक्षेला बस, म्हणाला, या बारीला डिग्री हातात आली तर ठीक, नाहीतर मेंढरांमागं चल. सारजाबाईनं लेकीला समजावलं, "त्यांना पायजे तो आकडा लिव की. आकडाच हाय तो."

"मग मी तीन वर्सं कशाला गेलते, माय?" अंजू म्हणाली, आणि ताट सारून उठली.

सहा महिन्यांनी ती पुन्हा त्याच टेबलाशी उभी राहिली. परीक्षक दुसरे होते, तोंडे सर तेच. हरिओम दाखला न्यायला आला होता, तो मजा बघायला दारात थांबला. सर या बारीला नुसते तिच्या ब्युरेटकडं बघत राहिले. अंजूनं थेंबथेंब सोडलं. गुलाबी आलं. तिनं नळीवरच्या रेघेशी डोळा लावला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दहा पॉइंट दोन.

तिनं पुन्हा घेतलं. दहा पॉइंट दोन. तिसऱ्यांदाही तेच.

"काल दिवसभर बसून केलंय मी ते द्रावण," सर दबक्या आवाजात म्हणाले. त्यात माया नव्हती. "वजन करून, चारदा तपासून. तुझ्यापायी. आता लिही."

म्हणजे खरं रीडिंग घ्यायला ती शिकली होती, आणि सरांनी खऱ्यालाच आपल्या आकड्यावर आणून बसवलं होतं. हरिओम दारातून म्हणाला, आली का लायनीवर. अंजूला वाटलं, दहा पॉइंट चार लिहावं. नापास होऊ, मेंढरं राखू, पण यांच्यापुढं वाकली असं तरी कुणी म्हणणार नाही. पेन कागदावर टेकलेलं होतं. पण चार तिनं पाहिलं नव्हतं. दोन पाहिलं होतं. तिनं दहा पॉइंट दोन लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला. मग ब्युरेट धुऊन, उलटा अडकवून ती कुणाकडं न बघता बाहेर पडली.

ती पास झाली. वस्तीवर बातमी तिच्याआधी पोचली होती, एवढी ताठ पोरगी शेवटी सरांच्या वळणावर आली म्हणून.

"लिवला न्हवं सरांचा आकडा?" सारजाबाई म्हणाली. "मग तवाच लिवला असता तर?"

"त्यांचा न्हाई, माय. माझा हाय तो."

सारजाबाईनं बरं बाई म्हटलं आणि कोकरं आत घेतली. तिला ते पटलं नव्हतं. आता कुणालाच पटणार नव्हतं.