सुपात सोळा

आमच्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, बंदूक इतकी लांब होती की दारू ठासायला एक माणूस ओट्यावर चढायचा आणि चाप सांभाळायला दुसरा खाली बसायचा. थोडं वाढवून सांगतोय, कबूल. पण फार नाही, ओटा बुटकाच होता. बार उडाला की आवाज आधी वेल्ह्याला जायचा, तिथली कुत्री भुंकायची आणि मग तो घुमत घुमत आमच्या गावात परत यायचा. तोवर चुलते नळी पुसून तंबाखू मळायला बसलेले असत. पिकाच्या राखणीसाठी सरकारनं त्यांना परवाना दिला होता. त्या कागदाची घडी ते देवाच्या तसबिरीमागं ठेवत. सकाळची पूजा नक्की कोणाला पोचते, हे देवालाही सांगता आलं नसतं.

गुंजवणीवर तेव्हा धरण नव्हतं. आमचं गाव नदीकाठी, वर राजगडाचं रान. भात पोटरीत आलं की रानडुकरं खाली उतरत आणि खाचरात अशी लोळत की सकाळी वाटावं, गावाची कुस्ती इथंच झाली. मग दसरा झाला की गावकीचा हाका निघे. वीस-पंचवीस माणसं पत्र्याचे डबे बडवत खालून रान उठवणार आणि वर खिंडीत एकजण बंदूक धरून डुकराची वाट बघणार. खिंडीतली ती जागा म्हणजे गावातला मोठा मान. लग्नात आहेर घेताना माणूस जसा बसतो, तसा खिंडीतला माणूस बसतो.

पण मान फुकट मिळत नसे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुपावर परीक्षा व्हायची. तीस पावलांवर वारुळाला सूप टेकवायचं, एकच बार मारायचा आणि गुरवबाबांनी भोकं मोजायची. सोळा भरली तर खिंड. न भरली तर बंदूक घरी ठेवायची आणि हाक्यात डबा घेऊन जायचं. दोघांचीही सोळा भरली तर वयानं मोठा असेल तो खिंडीत, धाकटा खाली ओढ्याच्या तोंडाशी. सूपच का, तर डुकराची छाती सुपाएवढी. सोळाच का, हे मी गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारलं. प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येकानं छातीवर हात ठेवून दिलं.

चुलते तेरा वर्षं खिंडीत बसत होते. चौदाव्या वर्षी गावात एक हवालदार पेन्शनीवर आला. त्याच्याकडे दोन नळ्यांची बंदूक, तयार काडतुसं आणि गावात कुणी कधी पाहिली नव्हती अशी मिशी. त्यातच चुलत्यांची नजर अधू झालेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आदल्या साली हाक्यात त्यांनी एका डुकरावर इतका अचूक बार टाकला होता की तो खडक अजूनही तिथंच आहे.

मी तेव्हा भोरला एका कचेरीत कारकून होतो. परीक्षेच्या आठ दिवस आधी चुलत्यांचा निरोप आला, रजा काढून ये, माप बसवायचंय. माप म्हणजे दारूचं. गज नळीत सोडायचा आणि तो तोंडाबाहेर किती बोटं उरतो त्यावर बार चार बोटांचा की पाच बोटांचा हे ठरायचं. दारूवर काथ्याचा बोळा, त्यावर मूठभर छर्रे, वर पुन्हा बोळा. ऐकायला सोपं आहे. भाकरीसुद्धा ऐकायला सोपीच असते.

पहिल्या दिवशी चार बोटं भरली. छर्रे अशा आळसानं निघाले की मी ते जाताना पाहिले. सुपात तीन भोकं. दुसऱ्या दिवशी पाच बोटं. चुलते मागच्या मागं खाचरात जाऊन बसले, आणि तिथनंच त्यांनी मला विचारलं, किती? मी म्हटलं, सात. तिसऱ्या दिवशी साडेपाच बोटं आणि काथ्याऐवजी जुन्या पागोट्याची चिंधी. सूपच दिसेना. शोधाशोध केली तर ते करवंदीच्या जाळीत, त्याला काठ तेवढा शिल्लक होता आणि त्या काठात एकही भोक नव्हतं.

चुलती रोज ओट्यावरनं हे बघत होती. सुगीसाठी तिनं नसरापूरच्या बाजारातनं चार सुपं आणून, शेणानं सारवून ठेवली होती. तिसरं गेलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "डुकरानं भात खाल्लं तर भात जातंय. तुमी नेम धरला की सूप जातंय. ह्यापरीस डुकरालाच सुपारी द्या, राखणीची."

चुलते म्हणाले, "अगं, अजून एक हाय न्हवं?"

"हाय. त्ये म्या परीक्षेला ठिवलंय. त्येला आता हात लावलात तर तुमाला पाखडीन."

पाचव्या दिवशी आम्ही जुनी पाटी लावून बार मारला. पाटीला काही झालं नाही. पण वारुळापासून पंधरा पावलं बाजूला गुरवबाबांची घोंगडी वाळत घातली होती, तिच्यात तीन भोकं पडली. गुरवबाबा ती घोंगडी बारा महिने अंगावर घेत; उतरवून धुवायला त्यांना त्याच दिवशी सुचलं, हे नशीब. मी हसलो. चुलते हसले नाहीत. त्यांनी घोंगडीच्या तिन्ही भोकांतून एकेक बोट घालून पाहिलं, तिची घडी केली आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत बंदुकीला हात लावला नाही. फक्त जेवताना एकदा म्हणाले, "हाक्यात डबा वाजवत गेलो, तर डुकरंसुदिक वळखतील रं मला."

मी माझ्या ताटातली भाकरी त्यांच्या ताटात सरकवली.

परीक्षेच्या सकाळी मी परड्यात गेलो. चौथं सूप भिंतीला टेकवलेलं होतं. गोणी शिवायचं दाभण घेतलं आणि नऊ भोकं पाडली. सोळाच्या सोळा पाडली असती, पण मी सरकारी माणूस, थोडी लाज होती. उरलेली सात बंदूक पाडील असा हिशेब. वर ओलं शेण बोटानं फिरवलं आणि सूप होतं तिथं ठेवलं.

सगळं गाव वारुळापाशी जमलं. आधी हवालदारानं एक गुडघा टेकून, श्वास रोखून, लढाईत मारावा तसा बार मारला. गुरवबाबा भोकं मोजताना प्रत्येक भोकात गवताची काडी खोवत. एकोणीस काड्या झाल्या. सूप साळिंदरासारखं दिसायला लागलं.

मग चुलत्यांनी घरचं सूप आपल्या हातानं वारुळाला टेकवलं आणि तीस पावलांवर उभे राहिले. बार असा झाला की समोरच्या डोंगरावरची माकडं दोन दिवस तालुक्याबाहेर राहिली. धूर इतका की गर्दीतल्या दोघांनी एकमेकांच्या चपला घातल्या. धूर ओसरला तेव्हा सूप जागेवर होतं, आणि हाच मला पहिला धक्का. आमच्या साडेपाच बोटांसमोर सूप जागेवर राहतं कसं?

गुरवबाबा खाली बसले. काड्या खोवू लागले. एक, दोन, तीन. माझी नऊ मी ओळखत होतो, विखरून पाडलेली, मुद्दाम वाकडीतिकडी. त्यांच्यात काड्या बसल्या. मग गुरवबाबा सुपाच्या डाव्या अंगाला सरकले आणि थांबले. तिथं सात भोकं होती. सातही एका ओळीत, सारख्या अंतरावर, गोधडीच्या टाक्यांसारखी.

मी वळून चुलतीकडं पाहिलं. ती आभाळाकडं बघत होती. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईचा हात सुई धरल्यावर ओळ सोडतच नाही, त्याला ती तरी काय करणार?

गुरवबाबांनी सूप उलटं केलं. मागं एकही कूस नव्हता; बांबूचे सगळे कूस पुढच्या बाजूला बाहेर आले होते, म्हणजे भोकं पाठीमागनं पडलेली. दाभण मागनं घातलं होतं मी, आणि तिनंही. त्यांनी सुपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग हवालदाराकडं. हवालदारानंही ते कूस पाहिले होते. इतकी वर्षं पलटणीत घालवलेल्या माणसाला गोळी कुठनं आली ते कळतंच.

हवालदार मिशीवरनं हात फिरवत म्हणाला, "बाबा, माझ्याकडं काय बघता? मोजा की."

गुरवबाबांनी ओळीतल्या सात भोकांत काड्या खोवल्या. "सोळा," ते म्हणाले. "वडीलकीचा मान. खिंडीत तात्या."

गावानं माना हलवल्या. मी मात्र हिशेब करत राहिलो. नऊ माझी, सात तिची. मग बंदुकीची कुठं गेली?

दोन दिवसांनी हाका निघाला. चुलते खिंडीत, शेजारी मी. खालनं डबे वाजू लागले, आणि थोड्या वेळानं करवंदीच्या जाळीतनं डुक्कर आलं. किती मोठं? ते उन्हात उभं राहिलं की खालच्या तीन खाचरांत सावली पडत होती. चुलत्यांनी बार काढला. धूर, दणका, दगडांचा पाऊस. डुक्कर जागच्या जागी वळलं आणि आल्या वाटेनं खाली सुटलं, ते थेट ओढ्याच्या तोंडाशी बसलेल्या हवालदाराच्या पुढ्यात. खालनं एकच बार ऐकू आला. मग डबे थांबले.

मी म्हटलं, "तात्या, तुमचा लागला न्हाई वाटतं."

"लागंल कसा? नुसती दारू हाय. छर्रे घातल्यात कुठं?"

ते गज नळीत घालून पुसत होते.

"सुपावर बी?"

"त्या घोंगडीत गुरव असता तर?" ते म्हणाले. "डोळं गेल्यावर मानसानं आवाज करावा. छर्रे ज्येला दिसतंय त्येनं घालावं. हवालदाराला सांगून ठिवलं हुतं, वरनं आवाज झाला की तयार ऱ्हा म्हून."

मग त्यांनी तंबाखूची चंची काढली, चिमूट हातावर घेतली आणि मळता मळता म्हणाले, "म्होरल्या वर्साला तुझी सात पाड. तिची नऊ होऊ दे, तुझी मोजून सोळाला उरलेली तीच पाडती. आन तिला सांग, टाकं घालू नगं म्हनावं. म्या बोटानं चाचपलं तवा वाटलं, सूप न्हाई, वाकळ लावलीया वारुळाला."

त्या सुगीत चुलतीनं भात त्याच सुपानं पाखडलं. कणी आपोआप खाली गळायची, चाळण लागली नाही. पौषात शेजारणी विचारायला आल्या, असलं सूप कुठल्या बुरुडाकडं मिळतं म्हणून.