घंटी वाजली आणि नेट गेलं नाही!

काल संध्याकाळी छत्रीबागमधल्या आमच्या घरात फोनची घंटी वाजली आणि नेट बंद पडलं नाही! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं... थांबा, सांगते. एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर हसू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मी परत खालीच बसायचे. आता घरी आईबरोबर साड्यांना फॉल लावते, आणि ताई ट्यूशन घ्यायला गेली की कॉम्प्युटर माझा.

तर गोष्ट ताईची आहे. मागच्या हप्त्यात पुण्याच्या एका कंपनीने तिचा इंटरव्ह्यू नेटवर घेतला. मस्त बोलत होती ती... आणि मधेच स्क्रीन फ्रीज! नेट परत येईपर्यंत समोरचे लोक उठून गेले होते.

ताईने मेलवर मेल केले तेव्हा अजून एक चान्स मिळाला, कालचा. परत कट झालं की संपलं. बाबांची मिल बंद झाल्यापासून घरात पक्की नोकरी कुणालाच नाही, त्यामुळे सगळ्यांचीच हालत खराब.

लाइनमनजी आले. मॉडेमचे लाइट बघितले, वायर हलवून बघितली, चहा घेतला. "बेटा, लाइन तो एकदम मक्खन है!" आणि खरंच, ते होते तोवर नेट पळत होतं. संध्याकाळ झाली की परत गायब...

ताई म्हणे व्हायरस आहे. आई म्हणे नजर लागली. मी मॉडेमच्या समोर बसून फॉल लावत राहिले. डोळे साडीवर कमी, लाइटवर जास्त.

आणि दिसलं! फोनची घंटी वाजली, हिरवा लाइट फडफडला आणि विझला.

आता घंटीचं सांगायलाच पाहिजे. बाबा मिलमध्ये लूमवर होते, त्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले. आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात (मी सोडून). फोनची साधी रिंग त्यांना ऐकू यायची नाही, म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून फोनची मोठी घंटी आणून दारावर ठोकली आणि बाहेरून येणाऱ्या वायरलाच जोडून दिली. ती वाजली की गल्लीतले म्हणतात, "लो भिया, मिल चालू हो गई!"

रोज संध्याकाळी सांवेर गावाहून रामलालकाकांचा फोन येतो. बाबांच्या बाजूच्या लूमवर होते ते. त्या एका फोनसाठी बाबा रोजंदारीच्या ड्युटीवरून सरळ घरी येतात.

पण एकदा लाइट गेला म्हणजे घंटीमुळेच गेला, असं कसं म्हणायचं? बघायचं तर कुणीतरी परत फोन करायला हवा. मोबाइल फक्त ताईकडे, ताई ट्यूशनला... म्हणजे मीच काकांना फोन लावून सांगायचं. मी! मी तर कम्प्लेंटचा नंबर लावून समोरून हॅलो आलं की ठेवून देते.

लावला. "काका... मी... परत एकदा फोन करा ना..."

"कुण? छोटी? अरे, थारी आवाज तो पेली बार सुणी म्हने! सब ठीक तो है?" काकांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

काका बिचारे करत राहिले. घंटी वाजली, लाइट गेला. परत वाजली, परत गेला. नेट जातंय आणि मी उड्या मारतेय... आई बघतच राहिली.

बाबा आले. त्यांना लाइट दाखवला, घंटी दाखवली. त्यांनी पक्कड घेतली. "काढून टाकतो," म्हणाले. बस, एवढंच. आणि स्टुलावर चढले.

माझी सगळी खुशी गेली. घंटी काढली की काकांचा फोन वाजून वाजून बंद होणार आणि बाबा तिथेच बसलेले असणार...

तेवढ्यात माझं लक्ष मॉडेमबरोबर आलेल्या छोट्या डबीकडे गेलं. ती फोन आणि नेट वेगळं करते. आपला साधा फोन त्या डबीतून जातो, म्हणून तो नेटला त्रास देत नाही. घंटी मात्र डबीच्या आधीच, बाहेरच्या बाहेर जोडलेली!

मी ओरडले. "बाबा, काढू नका! नुसती जागा बदला! डबीच्या पुढे, फोनच्या वायरवर लावा!"

बाबा स्टुलावरच थांबले. "हळू बोल जरा," म्हणाले, "ऐकू येतंय मला."

जागा बदलली आणि नेट आधीपेक्षाही जोरात पळायला लागलं... ती घंटी न वाजताही स्पीड खात होती म्हणजे!

काल इंटरव्ह्यू. ताई बोलतेय, आम्ही तिघं भिंतीला चिकटून. आणि धडाधड घंटी! काकांना आज नका करू सांगायचं राहूनच गेलं होतं...

ताईने माझ्याकडे बघितलं, मी लाइटकडे. हिरवा... हिरवाच! स्क्रीनवरचे सर म्हणाले, "काय झालं, आग लागली का?" त्यात बाबांनी फोन उचलून मोठ्याने सांगितलं, "रामलाल, बाद में कर यार, छोरी का इंटरव्यू चल रहा है!" पुण्यापर्यंत ऐकू गेलं. सर हसले, ताई हसली, आणि पुढे जी बोलली ना...

रिझल्ट फोन करून सांगणार आहेत. ताईने मुद्दाम घरचा नंबर दिलाय, आणि बाबा म्हणालेत तो फोन छोटीच उचलेल.

थँक यू काका, तुम्ही त्या दिवशी कारण न विचारता फोन करत राहिलात... आता प्लीज एक-दोन दिवस लाइन मोकळी ठेवा. मी घंटीखालीच बसलेय.