सीटवर कोणाचं वजन

"उतर खाली."

"का म्हणून? मी आपणहून नाही बसलो. अण्णांनी बसवलंय."

"बसवू देत. मला गाडीची उंची घ्यायचीय. जो चालवणार, तो बसणार. चल, उतर."

"तेच तर," भाऊ म्हणाला आणि काचेतून पलीकडे बघू लागला.

ताईच्या हातातली मोजपट्टी हातातच राहिली. 'तेच तर' म्हणजे काय, हे डोक्यात शिरायला तिला जरा वेळ लागला. मग ती वळली. वर्कशॉपच्या दारात अण्णा खुर्ची टाकून बसले होते आणि चहाच्या पेल्यात असं टक लावून बघत होते, जणू आत काही पडलंय.

"अण्णा, हा काय म्हणतोय?"

"बरोबर म्हणतोय. रविवारी गाडी तोच नेणार आहे."

रविवारी टेकडीच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची शर्यत होती. ही गाडी अण्णांच्या तरुणपणातली, दोन दारांची, लांब नाकाची. बोनेटखाली एवढं थोरलं इंजिन की सुरू झालं की टेबलावरचे नट थरथरायचे. कित्येक वर्षं ती मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. "हिची पुढची चाकं ताळ्यावर आण, शर्यतीला तूच ने," असं अण्णांनी भर वर्कशॉपात ताईला सांगितलं होतं. तेव्हापासून ती जेवतानासुद्धा बोटांनी ताटाच्या कडेवर वळणं घ्यायची.

इंजिन अण्णांचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं भावाचं, आणि गाडीच्या नाकाखाली जे जे हलतं ते सगळं ताईचं, अशी तिथली वाटणी होती. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, तेव्हा अण्णांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. नुसता एक पाना हातात दिला. त्या न विचारण्याचं तिला किती अप्रूप वाटलं होतं! पुढे हळूहळू कळलं, की अण्णा तिला कशाबद्दलच विचारत नाहीत. दारावरचा 'अण्णा आणि चिरंजीव' हा बोर्ड नव्याने रंगवायला काढला, तेव्हा तिने हसत हसत म्हणून पाहिलं होतं, "त्यात 'आणि कन्या' बसेल का हो?" अण्णा म्हणाले, "जागा नाही." रंगारी बिचारा भोळा. त्याने लगेच पट्टी लावून दाखवली, जागा भरपूर होती. अण्णांनी त्याला दुसरा रंग आणायला पिटाळलं.

ताडपत्री निघाल्यावर गाडीला हा रोगही भावानेच लावला होता. "खाली बसलेली गाडी कशी रुबाबदार दिसते!" म्हणून त्याने पुढे आखूड स्प्रिंगा टाकल्या. रुबाब आला, पण खड्डा आला की स्टेअरिंग घट्ट धरलेलं असतानाही चाकं आपल्या मर्जीने वळायला लागली. अलाइनमेंटवाला म्हणे, सगळं बरोबर आहे. सपाट जागेवर उभ्या गाडीचं बरोबरच असणार.

"असं बघ," ताईने तेव्हा भावाला समजावलं होतं, "दोघं मिळून पलंग उचलतायत. एकाने सरळ वर उचलला, दुसरा वर उचलता उचलता आपल्याकडे ओढतोय. मग पलंग फिरणार की नाही? चाक ज्या लोखंडी हातांवर लटकतं ते एका वाटेने वर जातात आणि स्टेअरिंगची दांडी दुसऱ्या वाटेने. गाडी खाली बसवलीस, दांडी तिरकी झाली."

मग तिने दांडीच्या टोकाचा मूळचा जॉइंट काढून लांब बोल्टाचा बसवला आणि मध्ये वॉशर घालून टोक खाली आणलं. स्प्रिंग काढायची, चाकाच्या जागी सपाट पत्रा बांधायचा, त्याला पुढे-मागे दोन मापाचे काटे टेकवायचे आणि जॅकने पत्रा वर-खाली न्यायचा. काटे एकमेकांना सोडून पळाले की वॉशर बदलायचा. पुन्हा जॅक. पुन्हा वॉशर. आणि मोजणी सुरू करायची ती चालवणाऱ्याला सीटवर बसवून घेतलेल्या उंचीपासून, कारण माणसागणिक गाडी कमी-जास्त दबते. हा नियम वर्कशॉपात तिनेच घालून दिला होता. हे वॉशर तिने स्वतःच्या वजनावर बसवले होते. आज नुसती शेवटची पडताळणी होती.

"अण्णा, सगळं माझं वजन धरून केलंय."

"मग त्याचं धरून कर. जो चालवणार तो बसणार, तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"आणि तुम्ही काय सांगितलं होतंत? सगळ्यांसमोर?"

"सांगितलं असेल."

"असेल?"

"ओरडू नकोस. गिऱ्हाईक आत येतंय की बाहेर जातंय बघ आधी." अण्णांनी पेला खाली ठेवला. "तुझ्या हातात काम आहे. कुठेही गेलीस तरी पोट भरशील. त्याच्या हातात काय आहे? निदान स्टेअरिंग तरी असू दे."

गाडीत बसलेल्या भावाचे कान लाल झाले. "अण्णा, मी ऐकतोय हं," तो म्हणाला.

"ऐक की. खोटं आहे का?"

"ताई, मी उतरू?"

"आता कशाला उतरतोस? बस. पोट आत ओढू नकोस, जसा आहेस तसा बस."

तिने उंची घेतली. भावाच्या वजनाने गाडी चांगली अर्धं बोट जास्त दबली होती. वॉशर होते तसे ठेवले असते तर कुणाला कळलं नसतं. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर, उखडलेल्या रस्त्यावर, ते फक्त भावाला कळलं असतं. हा विचार तिच्या मनात आला, बराच वेळ तिथे ठाण मांडून बसला, आणि तेवढ्या वेळात तिच्या हातांनी पहिला बोल्ट सैल करूनही टाकला. आपल्याला वाईट कामसुद्धा करता येत नाही, याचा तिला अण्णांपेक्षा जास्त राग आला.

दुपार कलेपर्यंत ती गाडीखाली होती. दोन्ही काटे वरपासून खालपर्यंत जोडीने चालले, तेव्हा तिने स्प्रिंगा चढवल्या, चाकं लावली, सरळ करून घेतली आणि किल्ली बोनेटवर ठेवली.

भाऊ मागच्या खडबडीत रस्त्यावर फेरी मारून आला तो नाचतच. "हात जवळजवळ सोडले होते! खड्ड्यात घातली, तरी नाक हललं नाही. काय चीज झालीय!"

अण्णा खुर्चीतून उठले. गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर थाप दिली आणि मग भावाच्या पाठीवर. "शाब्बास!" त्यांचा आवाज भरून आला होता.

मग त्यांना ताई दिसली. ती नळाखाली कोपरापर्यंत हात घासत होती.

"अगं, मागचे ब्रेक जरा सैल वाटतात म्हणतोय हा. शनिवारपर्यंत होतील ना?"

तिने नळ बंद केला. हात ओढणीला पुसले, चपला घातल्या.

"होतील ना गं?"

भाऊ म्हणाला, "ताई, अण्णा विचारतायत."

ती त्या दोघांच्या मधून, गाडीला वळसा घालून, बाहेर निघून गेली.